गिरणगाव आणि साचेखात्याचे बंद दार

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास अलीकडे मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. भोंगा, चाळ, खानावळ, भजनी मंडळ, शाहिरांचे डफ, लाल बावटा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि शेवटी १९८२ चा संप. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु या इतिहासात एक दार आहे आणि ते दार सांगणारे फार थोडे. ते दार गिरणीच्या आतच होते. गिरणीच्या फाटकातून सर्व जातींचे कामगार आत जात. मात्र आत गेल्यावर साचेखात्याच्या दाराशी तत्कालीन अस्पृश्य कामगाराला थांबावे लागे. जिथे कापड विणले जाई आणि जिथे पगार चांगला मिळे, ते खाते त्याच्यासाठी बंद होते. हे दार कोणी बंद केले, का बंद केले आणि ते उघडण्यासाठी कोण झगडले, हे सांगितल्याशिवाय गिरणगावाचा इतिहास पूर्ण होत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी बसून आम्ही मुंबईच्या गिरण्यांवर का लिहितो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या शेतात आहे. हिमायतनगर, किनवट, भोकर, हदगाव हा सारा पट्टा कापसाचा. कापूस वेचणारे हात बहुतांशी भूमिहीनांचे, त्यातही बाया-बापड्यांचे. ज्या कापसाला आपला हात लागलेला चालत होता, त्याच कापसाच्या धाग्याला आपले ओठ लागलेले चालत नव्हते. दुसरे म्हणजे आमच्या मराठवाड्यालाही गिरणी माहीत आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नांदेड टेक्स्टाईल मिल झाली आणि शेवटी बंद पडली. त्यामुळे भोंगा थांबल्यावर एखाद्या वस्तीचे काय होते, हे आमच्या जिल्ह्यातील लोकांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

मँचेस्टरपासून परळपर्यंत

गिरणीचे गाव ही कल्पना मूळची इंग्लंडची. लँकेशायर परगण्यात मँचेस्टर, ओल्डहॅम, रॉचडेल, ब्लॅकबर्न, बर्नली अशी गावेच्या गावे कापसावर वाढली. काळ्या विटांच्या उंच गिरण्या, त्यांना लागून कामगारांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, आणि सर्वांवर धुराचे छत. तिथे कापसाचे एक बोंडही पिकत नव्हते. कापूस येई अमेरिकेतून, जिथे तो काळे गुलाम पिकवत; आणि विणलेले कापड विकले जाई हिंदुस्थानात, जिथे गावोगावचे विणकर त्यामुळे उद्ध्वस्त होत होते. म्हणजे गिरणगावाच्या जन्मपत्रिकेतच दोन अन्याय लिहिलेले होते. एका टोकाला गुलाम आणि दुसऱ्या टोकाला मोडलेला माग.

हा मोडलेला माग कोणाचा होता, हे चळवळीच्या वाचकांनी लक्षात ठेवले पाहिजे. विदर्भात व जुन्या मध्यप्रांतात महार समाज हा मोठ्या प्रमाणावर विणकरी करणारा समाज होता. जाडेभरडे, टिकाऊ, शेतकऱ्याच्या अंगावर वर्षानुवर्षे टिकणारे कापड तो विणत असे. मँचेस्टरच्या आणि नंतर देशी गिरण्यांच्या स्वस्त कापडाने हा धंदा बसवला. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग होता, त्याच समाजाच्या माणसाला पुढे मुंबईच्या गिरणीत मागाला हात लावू दिला नाही. यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

लँकेशायरच्या कामगारांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि कापूस येणे थांबले. गिरण्या बंद पडल्या, घराघरांत उपासमार आली. तिथले सगळेच एका मताचे नव्हते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अब्राहम लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्याला उत्तर दिले. स्वतःची चूल विझलेली असताना सातासमुद्रापलीकडील गुलामाच्या बाजूने उभे राहणारा तो कामगार होता. आमच्याकडील कामगार पुढाऱ्यांनी रशियाचे आणि इंग्लंडचे दाखले पुष्कळ दिले. पण गुलामाची बाजू घेण्याचा हा दाखला आपल्या शेजारच्या खात्यात वापरून पाहण्याचे धैर्य किती जणांनी दाखवले?

त्याच कापूसटंचाईत हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. मुंबईतील पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ मध्येच कंपनी स्थापन केली होती. पुढच्या काही दशकांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी, दादर या भागात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. गावाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, तेही आले. महारकी, येसकरकी सोडून रोख पगार घेणारा माणूस होणे ही त्यांच्यासाठी केवळ नोकरी नव्हती. ती गावगाड्याच्या जोखडातून सुटका होती. म्हणूनच गिरणीला आम्ही केवळ शोषणाचे ठिकाण म्हणणार नाही. गिरणीने महिन्याच्या महिन्याला पगार दिला, त्या पगारातून मुले शिकली, वर्गणी निघाली, चळवळीची पत्रे विकत घेतली गेली.

गिरणगावात कामगारांचा पहिला आवाज उठवला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 'दीनबंधु'चे संपादन करणारे, महात्मा फुले यांचे हे सहकारी. आज सर्वांना मिळणारी रविवारची साप्ताहिक सुटी गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून मिळाली, ती त्यांच्या झगड्यामुळे. कामगार चळवळीचा आरंभ महाराष्ट्रात फुल्यांच्या घरातून झाला, ही गोष्ट लाल पुस्तकांत दोन ओळींत आटोपली जाते.

धोटा, धागा आणि तोंड

आता साचेखात्याच्या दाराकडे वळू. मागावर कापड विणताना उभ्या ताण्यातून आडवा बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे काम झटपट व्हावे म्हणून कामगार छिद्राला तोंड लावून श्वासाने धागा ओढून घेत असे. एकच धोटा दिवसभरात एकाहून अधिक माणसांच्या तोंडाला लागे. बस, एवढ्यावरच सारे अडले. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. मराठा असो वा मुसलमान विणकर, साचेखाते त्यांच्या हाती राहिले. आपला माणूस झाडू मारण्यापासून त्रासनखात्यापर्यंत, म्हणजे सूत काढण्याच्या कामापर्यंत पोचू शके. साच्यावर मात्र नाही. आणि साचेवाल्याचा पगार त्रासनवाल्यापेक्षा बराच जास्त होता.

म्हणजे विटाळाची किंमत दरमहा रुपयांत मोजली जात होती. धर्माचा प्रश्न, रूढीचा प्रश्न, भावनेचा प्रश्न असे ज्याला म्हटले जाई, तो प्रत्यक्षात चांगल्या पगाराच्या कामावर मक्तेदारी ठेवण्याचा प्रश्न होता. अनेक गिरण्यांत पाण्याचे माठही वेगळे असत. एकाच मालकाचे चाकर, एकाच भोंग्यावर उठणारे, एकाच जॉबरच्या शिव्या खाणारे. पण तहान मात्र जातीची.

लँकेशायरमध्येही हीच पद्धत होती. तिकडचे कामगार तिला धोट्याचे चुंबन म्हणत. तिथे आक्षेप निघाला तो आरोग्याचा: एकाच्या तोंडाचा रोग दुसऱ्याला होतो, सुताची धूळ छातीत जाते, दात खराब होतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायद्याने ही पद्धत बंद केली. ब्रिटनमध्ये १९५२ मध्ये त्यासाठी खास नियम झाले. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे निघाले होते, हाताने धागा ओढण्याची साधनेही होती. म्हणजे उपाय ठाऊक होता. वकील म्हणून आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अन्य देशांनी धोटा बदलण्याचा विचार केला. आमच्या देशाने धोटा तसाच ठेवला आणि माणूस बदलला. धोट्यात दोष आहे असे म्हणण्याऐवजी माणसात दोष आहे असे ठरवले. जातिव्यवस्था काम कशी करते याचे यापेक्षा नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बाबासाहेबांचा प्रश्न

बाबासाहेब हे गिरणगावातच वाढलेले आणि तिथेच राहिलेले नेते होते. परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांचा संसार अनेक वर्षे होता. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा माणूस भोंग्याच्या आवाजावर जागा होणाऱ्या वस्तीत राहत होता. त्यामुळे साचेखात्याचा प्रश्न त्यांना कोणी अहवालातून सांगावा लागला नाही.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने दीड लाखाच्या घरात कामगार बाहेर होते. संपाच्या पुढाऱ्यांनी मालकांपुढे १७ मागण्या ठेवल्या. त्यांत पगार होता, कामाचे तास होते, नवीन पद्धतींना विरोध होता. साचेखात्याचे दार मात्र सुरुवातीला त्यांच्या नजरेत नव्हते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावून विचारले की, अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी तुम्ही करणार की नाही? नसाल तर या वर्गाने तुमच्या संपात का राहावे? या दडपणामुळे ती मागणी नाखुशीने पुढे करण्यात आली. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे म्हणणे.

कायद्याच्या भाषेत सांगायचे तर प्रतिवादीने फिर्यादीकडेच बोट दाखवले. आणि दुर्दैवाने ते बोट चुकीच्या दिशेला नव्हते. मालकाला कापूस कोण ओढतो आणि साचा कोण चालवतो याच्याशी देणेघेणे नव्हते. फाटाफूट राहिली तर त्याचे भलेच होते. दार आतून लावले होते ते कामगारांनीच. १९२९ मध्ये पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा आदल्या वर्षीच्या संपाने कर्जात बुडालेल्या आपल्या कामगारांना बाबासाहेबांनी कामावर जाण्याचा सल्ला दिला. त्याबद्दल त्यांच्यावर आजही कोणी कोणी संपफोडेपणाचा आरोप करतात. या मंडळींना आमचा एकच प्रश्न आहे. ज्या खात्यात आपल्याला पाऊल ठेवता येत नाही, त्या खात्याच्या पगारवाढीसाठी आपली चूल किती दिवस विझवायची, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

एक मैदान, दोन शत्रू

मात्र बाबासाहेब कामगारविरोधी होते असे म्हणणे हा इतिहासाचा सरळ खून आहे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कामगारांना दोन शत्रूंशी लढायचे आहे, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे असा अर्थ नसून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव असा अर्थ त्यांनी सांगितला. साचेखात्याचे दार डोळ्यांसमोर ठेवले की ही व्याख्या चटकन समजते. ते दार लावून बसलेला कामगार ब्राह्मण नव्हता; पण त्या दारात ब्राह्मणशाही उभी होती.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाच्या हक्कावर ते निर्बंध घालणारे होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी भूमिका बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. दहा वर्षांपूर्वी ज्यांना प्रश्न विचारला होता, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बाबासाहेब त्या दिवशी उभे होते. प्रश्न सोडला नव्हता, पण लढाही टाळला नव्हता. आजच्या कार्यकर्त्यांनी युती आणि स्वाभिमान यांचा हिशेब मांडताना हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीने कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. या दुरुस्तीचा लाभ साचेवाल्यालाही मिळाला. ज्याने धोट्याला आपले ओठ लागू दिले नव्हते, त्याच्या कामाचे तासही बाबासाहेबांनी कमी केले. हा आमचा सूड आहे, असे आम्ही अभिमानाने म्हणू शकतो.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या कलम ४ ने अस्पृश्यतेच्या कारणावरून व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. १९७६ च्या दुरुस्तीने या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले आणि त्याच कलमात कोणत्याही कामावरील नोकरीचाही उल्लेख आला. कलमे वाचताना ती कोरडी वाटतात. पण त्या एका उल्लेखामागे अशी किती खाती आणि किती दारे असतील याचा विचार करावा.

चाळीतले गिरणगाव

गिरणीच्या आत दार बंद होते, म्हणून आपल्या माणसांनी गिरणीबाहेर आपले गिरणगाव उभे केले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बीडीडी चाळी ही त्याची साक्ष. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या २०७ इमारती. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, पाळीवर जाणारे पाहुणे, रात्री अभ्यास करणारी मुले. याच खोल्यांतून समता सैनिक दलाचे सैनिक निघाले, भीमजयंतीच्या मिरवणुका निघाल्या, जलसे निघाले, नामांतराच्या सभांना माणसे गेली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचा आवाज याच वस्त्यांत घुमला आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीची झळही याच चाळींनी सोसली. त्या महिन्यात निघालेल्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. एकाच गिरणीत काम करणारे लोक चाळीच्या दोन बाजूंनी एकमेकांवर दगड फेकत होते, याला केवळ निवडणुकीचे राजकारण म्हणून सोडून देता येत नाही. साचेखात्याच्या दाराने पेरलेले ते पीक होते.

भोंगा थांबल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या. कामगार गावी परतले, काहींनी भाजीची गाडी लावली, काही पहारेकरी झाले. बदली कामगाराचे हाल तर विचारूच नयेत. कायम कामगाराला निदान हिशेब मागता येत होता. बदलीवाल्याला आपण कामगार होतो हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागली.

आणि मग मालकांच्या लक्षात आले की कापडापेक्षा जमीन महाग आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. ऐकायला हे न्याय्य वाटते. परंतु २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा अर्थ पुढे आला. म्हणजे गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीच्या बाहेर. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये जनहिताच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. एका शब्दाच्या अर्थाने एकरांच्या एकर जमीन हातची गेली. कायदा कोण लिहितो आणि दुरुस्ती कोण करतो, याकडे लक्ष ठेवा असे आम्ही तरुण वकिलांना वारंवार सांगतो, ते यासाठीच.

आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी चकचकीत मॉल आहे. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी सोडत काढली, तेव्हा घरे सात हजारांच्या आसपास होती आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

इंग्लंडच्या गिरणगावांचेही काही वेगळे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड या गावांत रात्रपाळीसाठी माणसे मिळेनात, तेव्हा पाकिस्तानातून, बंगालमधून, गुजरातमधून मजूर आले. गोऱ्यांनी नाकारलेली रात्रपाळी त्यांच्या वाट्याला आली. पुढे गिरण्या बंद पडल्या. वस्त्या मात्र वेगवेगळ्या राहिल्या. २००१ च्या उन्हाळ्यात या तिन्ही गावांत दंगली पेटल्या आणि चौकशी अहवालाने सांगितले की तिथले लोक एकमेकांना न भेटता समांतर आयुष्ये जगत आहेत. कामाच्या ठिकाणी जी भिंत असते ती कारखाना पाडल्याने पडत नाही. ती वस्तीत येऊन उभी राहते.

इंदू मिल आणि पुढे

गिरणगावाच्या जमिनीतील एक तुकडा मात्र चळवळीने मिळवला. चैत्यभूमीला लागून असलेली इंदू मिल, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. सुमारे १२ एकरांची ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून आंदोलने झाली. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिकांनी मिलच्या आवारात शिरून ताबा घेतला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने जागा देण्याचे मान्य केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. तेव्हापासून काम पूर्ण होण्याच्या तारखा पुढे पुढे सरकत आल्या आहेत. ज्या गिरण्यांत आपल्याला साच्याजवळ उभे राहू दिले नाही, त्यांपैकी एका गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेबांचा पुतळा उभा राहतो आहे, यात इतिहासाचा न्याय आहे. पण पुतळ्याची उंची मोजत बसणे एवढेच आपले काम आहे काय?

आमची मागणी साधी आहे. इंदू मिलच्या स्मारकात कामगार नेते आणि मजूरमंत्री बाबासाहेबांचे स्वतंत्र दालन असावे, आणि त्या दालनात एक धोटा ठेवावा. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर मुंबई महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. तिथे माग ठेवतील, चित्रे लावतील, भोंगा ऐकवतील. तिथेही त्या मागाशेजारी पाटी लागली पाहिजे की हा माग चालवण्यास याच शहरातील हजारो कामगारांना केवळ जातीमुळे मनाई होती. ही पाटी लावल्याने गिरणी कामगारांची बदनामी होत नाही. लँकेशायरच्या कामगारांनी गुलामाच्या बाजूने पाठवलेल्या पत्राची आठवण म्हणून मँचेस्टरमध्ये लिंकनचा पुतळा उभा आहे. चांगल्याची आठवण ठेवायची असेल तर वाईटाचीही ठेवावी लागते. नाही तर ती आठवण राहत नाही, जाहिरात होते.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी. नांदेडच्या मिलमध्ये ज्यांनी काम केले, त्या पिढीतील माणसे आता फार उरलेली नाहीत. त्यांच्याकडे हजेरीचे पास असतील, पगाराच्या चिठ्ठ्या असतील, युनियनच्या पावत्या असतील. कोण कोणत्या खात्यात होते, पाण्याचा माठ एक होता की दोन, साच्यावर आपला पहिला माणूस कधी बसला, हे त्यांनाच ठाऊक. चळवळीच्या शिकल्यासवरल्या मुला-मुलींनी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे जावे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग या कामासाठी काढावा. आपला इतिहास दुसरा कोणी लिहील याची वाट पाहणे म्हणजे पुन्हा दाराबाहेर उभे राहणे होय.

कारण दारे संपलेली नाहीत. साचेखाते गेले, पण प्रत्येक काळाचे आपले साचेखाते असते. गटारात उतरायला कोण लागतो आणि यंत्राच्या पडद्यासमोर कोण बसतो, कंत्राटावर कोण राहतो आणि कायम कोण होतो, पदभरतीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून कोणाचा चेहरा बदलतो, हे पाहिले की नवी खाती ओळखू येतात. या प्रत्येक ठिकाणी आजही कोणीतरी सांगतो की दोष धोट्यात नाही, माणसात आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये जो प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांना विचारला, तो प्रत्येक संघटनेला, प्रत्येक युनियनला आणि प्रत्येक मित्रपक्षाला विचारण्याची जबाबदारी आता आपली आहे: तुमच्या मागण्यांच्या यादीत आमचे दार कितव्या क्रमांकावर आहे?